उजव्या कोपराची चाकरी

मी पस्तीस वर्षं लोकांना उजवं कोपर कुठे ठेवायचं ते सांगून पोट भरलं. निवृत्त होऊन मेडशीला परत आलो तेव्हा एस.टी.च्या थांब्यावर भेटलेल्या एका ओळखीच्या माणसाला मी हे असं सरळ सांगून टाकलं. त्याच्या डोक्यात काय शिजलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्या आईला घेऊन तो दारात हजर. कोपराचं जमतं तर गुडघ्याचंही पाहा म्हणे. मी गुडघा पाहिला, चेहरा गंभीर केला आणि तिळाचं तेल चोळायला सांगितलं. दुर्दैवानं गुडघा बरा झाला. तेव्हापासून माझा खरा धंदा काय होता हे गावात कुणाला पटवून द्यायची सोयच उरली नाही. म्हणून इथे लिहून टाकतो.

मी गोल्फचा मास्तर होतो. विशीत चुलत्याकडे शहरात गेलो आणि एका क्लबात गवत कापायच्या कामाला लागलो. यंत्र ढकलता ढकलता साहेब लोकांचा खेळ पाहायचो. वर्षभरात एक गोष्ट ध्यानात आली, की गवत कापायचा पगार मला मिळतो, पण माझ्यापेक्षा जास्त गवत हेच लोक कापतात. बॉल जागेवर आणि मातीसकट गवताचा तुकडा दहा पावलं पुढे. हे असं का होतं, एवढं एकच कुतूहल मला धरून राहिलं. क्लबातल्या जुन्या मास्तरांनी ते ओळखलं आणि मला हाताखाली घेतलं. शिकत शिकत मी त्यांच्या जागेवर गेलो.

बाहेरच्या माणसाला या खेळात एक माणूस, एक काठी आणि एक पांढरा बॉल दिसतो. खरं भांडण दोन हातांचं असतं. उजव्या हातानं जेवणाऱ्या माणसाचा या खेळात डावा हात पुढारी आणि उजवा मागून येणारा. आम्ही त्याला मागचा हातच म्हणायचो. काठी वर नेताना या मागच्या हाताचं कोपर दुमडायचं, पण टोक जमिनीकडे ठेवायचं. पाण्यानं भरलेलं ताट तळव्यावर घेऊन खांद्याजवळ तोललंय असं समजा. खाली येताना कोपर आधी, पंजा नंतर. कोपर बरगडीला घासून उजव्या खिशाच्या समोर येतं, तोवर ते वाकलेलंच असतं आणि मनगट मागे मुडपलेलं असतं. तळ्यावर चपटा दगड टप्पे घेत फेकून पाहा, हात आपोआप तसाच येतो. आणि तो सरळ कधी होतो? बॉल निघून गेल्यावर. बॉलच्या आधी सरळ झाला, की काठी बॉलच्या अलीकडे जमिनीत.

झालं. एवढंच शास्त्र. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं, म्हणून मास्तरांना पगार मिळतो.

अडचण अशी, की उजवा हात जन्मभर पुढारी असतो. तोच भाकर मोडतो, तोच सही करतो, थप्पडही तोच मारतो. त्याला 'तू जरा दमानं मागून ये' असं म्हटलेलं सहन होत नाही. एक मोठे सरकारी अभियंता माझ्याकडे यायचे. त्यांचं कोपर दर फटक्याला कोंबडीच्या पंखासारखं बाहेर उडायचं. महिनाभर सांगून सांगून माझा घसा बसला. शेवटी मी सायकलची जुनी ट्यूब आणली आणि त्यांचं कोपर कमरेला बांधून टाकलं. तेवढ्यात ऑफिसात माझा फोन आला. मी गेलो, बोलत बसलो आणि बांधलेल्या साहेबांना साफ विसरलो. परत आलो तर साहेब वाळूच्या खड्ड्यात आडवे. जोरात फिरले, तोल गेला आणि हात बांधलेला म्हणून उठता येईना. मला पाहून शांतपणे म्हणाले, "मास्तर, कोपर जागेवर आहे. बाकीचा मी कुठे आहे ते पाहा."

असे किस्से पोतंभर आहेत. पण ज्या एका प्रकरणानं माझी झोप उडवली ते सगळ्यात अलीकडचं, निवृत्तीनंतरचं. त्यात फजिती माझी आणि जीव टांगणीला दुसऱ्याचा.

मेडशीजवळ, आमच्या तालुक्याच्या गावी मालेगावला युसूफभाई म्हणून गाद्या भरणारे आहेत. तेराएक वर्षांपूर्वी सुट्टीत त्यांच्याकडे गादी भरायला गेलो होतो. त्यांचा मुलगा नासीर कापसाचे गठ्ठे टेंपोत फेकत होता. हात इतका सैल, इतका वेळेवर यायचा, की मी गादी विसरून तेच पाहत राहिलो आणि त्याला सोबत शहरात घेऊन गेलो. युसूफभाईंचं मन नव्हतं. मीच गोड बोलून वळवलं. क्लबात नासीर कॅडी झाला. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची बॅग वाहणारा, कुठली काठी घ्यायची ते सुचवणारा. साहेब लोक घरी गेले, की मी त्याला शिकवायचो. मोठा झाला, लग्न झालं, दोन लेकरं झाली, बॅगा वाहणं चालूच.

मग क्लबात बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आल्या. बॅग गाडीत, साहेब गाडीत, कॅडी घरी. निम्म्या लोकांना जायला सांगितलं, उरलेल्यांना पावसाळ्यापर्यंतची मुदत. नासीरला एकच वाट होती: सहायक मास्तराची परीक्षा. लेखी पेपर तो केव्हाच पास झाला होता. खेळाच्या परीक्षेत अठरा होल, म्हणजे बॉल ज्यांत घालायचा ती जमिनीतली भोकं, ऐंशी फटक्यांत संपवायचे. एक जास्त झाला तरी नापास. आणि ही परीक्षा तीनदाच देता येते. पहिल्यांदा त्याला चौऱ्याऐंशी लागले, दुसऱ्यांदा एक्क्याऐंशी. तिसरी आणि शेवटची खेप मागच्या हिवाळ्यात होती. बारा दिवसांची सुट्टी काढून तो मालेगावला आला आणि रोज सकाळी मोटरसायकलवर मेडशीला माझ्या वावरात यायला लागला.

सोयाबीन निघालं होतं. एका बाजूला तुरीच्या ओळी उभ्या, बाकी वावर मोकळं. पण मोकळं म्हणजे कसं, कापलेल्या सोयाबीनची धसकटं जमिनीतून खिळ्यासारखी वर आलेली आणि काळी माती वाळून दगड झालेली. नासीरच्या काठ्या एका मेहेरबान साहेबानं उसन्या दिलेल्या. त्या घासल्या गेल्या तर काय सांगायचं? तेव्हा माझ्या सुपीक डोक्यातून एक युक्ती निघाली. मळणीनंतरचं कुटार, म्हणजे शेंगांचा भुसा, ढीगभर पडलेलं होतं. मी त्याची वीतभर जाडीची गादी पसरली आणि म्हटलं, मार आता.

बॉल असे जायला लागले, की काय सांगू. उंच, सरळ, आमच्या तुरीच्या पार, शेजारच्या तुरीत. कोपर पाहायची एकच खरी जागा असते: मारणाऱ्याच्या मागे, बॉलच्या रेषेत. मी तिथे बाज टाकून बसायचो आणि फटक्यागणिक मान डोलवायचो. शेजारच्या वावरातले भगवानराव दोन दिवस कुंपणावरून पाहत होते. तिसऱ्या दिवशी आले.

"मास्तर, हे पोरगं माया तुरीत गोटे काहून फेकून राह्यलं?"

"गोटे नाई भगवानराव, बॉल हायेत."

"मंग वापस काहून नाई येत?"

मी त्यांना खेळ समजावून सांगितला. भगवानरावांनी पूर्ण ऐकून घेतला आणि विचारलं, की मारायचा आपणच, शोधायचाही आपणच, मग यात हरतं कोण? तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. उत्तर आता कळलंय.

पाचव्या दिवशी नासीर म्हणाला, की कुटार बाजूला करून थोडं जमिनीवरून मारून पाहू का. त्याला काहीतरी खटकत होतं. नीट सांगता येत नव्हतं, पण हाताला कळत होतं. तेव्हा मी काय करायला हवं होतं हे आता मला झोपेतही सांगता येईल. त्या दिवशी मी म्हणालो, "तू मले शिकवून राह्यला का मी तुले?" त्यानं पुढचा बॉल कुटारावरच ठेवला. भला माणूस, पुन्हा काही बोलला नाही. संध्याकाळी मी मालेगावला युसूफभाईंच्या दुकानात जाऊन चहा पिऊन आलो आणि पोरगं यंदा पास झालंच म्हणून समजा, असं छातीला हात लावून सांगून आलो. युसूफभाई सुई-दोरा चालवत होते. ते म्हणाले, "मधूभाऊ, तुमी सांगता म्हनून मानतो. माह्या हातात आता पाच वर्सापेक्षा जास्त गाद्या नाई राह्यल्या." गावच्या म्हातारीच्या गुडघ्याला तेल सांगणारा मी, त्यांच्या हातांकडे न पाहता चहा संपवून उठलो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही शहरात पोचलो. सामान ठेवलं आणि सरावाच्या मैदानावर गेलो. नासीरनं पहिला बॉल ठेवला, काठी वर नेली, खाली आणली. थप्प असा आवाज झाला. भाकरीएवढा गवताचा तुकडा उडून पुढे पडला आणि बॉल त्याच्या अलीकडे. दुसरा तसाच. तिसरा थोडा बरा, चौथा पहिल्याहून वाईट. सहा बॉल झाले तेव्हा माझ्या पाठीतून घाम उतरला होता, आणि हिवाळा होता.

काय झालं ते मला पहिल्याच फटक्याला कळलं होतं. पुढचे पाच मी फक्त देवाच्या भरवशावर पाहिले. कुटारावर बॉल अधांतरी असतो. मागचा हात घाई करून लवकर सरळ झाला, काठी बॉलच्या मागे खाली गेली, तरी ती भुशातून सुळकन सरकते आणि बॉलला खालून उचलते. फटका छान दिसतो. म्हणजे मी इतके दिवस एका चुकीच्या हाताला बक्षीस देत बसलो होतो आणि वर मान डोलवत होतो. कुटारानं आमची चूक पोटात घातली. गवत घालत नाही.

नासीरनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली आणि मग जी चूक आयुष्यभर गिऱ्हाइकांसोबत केली तीच केली: बोलायला लागलो. कोपर आत घे. तळवा वर ठेव. खांदा पाडू नको. मनगट सोडू नको. वजन डाव्या पायावर. मान हलली. श्वास सोड. एवढं सगळं एका पापणीत बसवायला तो पाहत होता आणि दर फटक्याला बिघडत होता. शेवटी त्यानं काठी जमिनीवर ठेवली.

"काका, एकच सांगा. एकच. बाकी पोटात ठिवा."

मी खाली बसलो. खरंच एकच काय सांगायचं? पस्तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. सगळ्यांना खूप हवं असायचं. मग मी त्याला गवत कापायच्या यंत्राच्या शेडमागे घेऊन गेलो. तिथे माती सडकेसारखी घट्ट झालेली होती, एक पातं उगवत नव्हतं. डावा हात खिशात घाल म्हटलं. एकट्या उजव्या हातानं, कमरेएवढं वर नेऊन, बॉल मार. कोपर आधी येऊ दे. एवढंच. चुकला की मनगटाला असा झटका बसायचा, की मलाच दुखायचं. दहा झाले, वीस झाले. दिवस कलायला आला तेव्हा घट्ट मातीवरून स्वच्छ टक असा आवाज यायला लागला. मग दोन्ही हातांनी. अंधार पडायच्या वेळी दहातले सात नीट जात होते. मनगट सुजलं होतं. नासीर आनंदात होता. मी नव्हतो. दहातले सात म्हणजे अठरा होलांत कितीदा थप्प, याचं गणित माझ्या मनात चालू होतं.

दुसऱ्या दिवशी त्याची बॅग मी उचलली. परीक्षेत मास्तरला बोलता येत नाही, पण कॅडीला येतं, म्हणून मी कॅडी झालो. सदुसष्टाव्या वर्षी. पांढरी टोपी घातलेल्या एक निरीक्षक बाई दोन उमेदवारांच्या मागून चालत होत्या. नासीर आणि दुसरा एक पोलीस खात्यातला शिपाई. बाई गरजेपलीकडे बोलत नव्हत्या. कुणी बॉल मारला की वहीत एक रेघ ओढायच्या.

मी ठरवलं होतं, बोलायचं नाही. आणि बोललो नाही. पहिले नऊ होल माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब शांतता होती. नासीर जपून खेळत होता. मनगटावर पट्टी. दोनदा थप्प झालं, दोन्ही वेळा त्यानं पुढच्या फटक्यात सावरलं. पंधरा होल झाले तेव्हा चौसष्ट फटके लागले होते. उरले तीन होल आणि सोळा फटके. तिन्ही होल नीट खेळलं तर चार-चार फटक्यांत संपणारे. म्हणजे चार फटके हाताशी शिल्लक. मला बॅग हलकी वाटायला लागली. मनात मी युसूफभाईंच्या दुकानात पोचलोसुद्धा होतो.

सोळाव्या होलचा दुसरा फटका. बॉल कापलेल्या गवतावर नीट पडलेला. नासीर उभा राहिला, आणि मी काय केलं ते मला तेव्हा कळलंसुद्धा नाही. पाय आपोआप गेले. त्याच्या मागे, बॉलच्या रेषेत, पाच पावलांवर जाऊन मी थांबलो. पस्तीस वर्षांची जागा. त्यानं काठी वर नेली, कोपर दुमडलं, टोक जमिनीकडे, खाली येताना बरगडीला घासून असं सुंदर आलं, की मला ओरडावंसं वाटलं. बॉल होलवरच्या झेंड्याजवळ जाऊन पडला.

नासीर मात्र तसाच उभा. माझी सावली त्याच्या पायापर्यंत आली होती. तो तिच्याकडे पाहत होता.

"काका, तुमी मांगं उभे होते."

"मंग कोठी राहू? कोपर तिथूनच दिसते."

"कॅडीनं तिथं नाई राह्यचं आता. नवा नियम हाय. मारायच्या आधी बाजूले झालो असतो त चाललं असतं. मले मारल्यावर सावली दिसली." मग जरा थांबून म्हणाला, "दोन फटके दंड हाय."

मी निवृत्त झालो त्यानंतर हा नियम आला होता. त्यानं लेखी परीक्षेसाठी पाठ केला होता, मी केला नव्हता. मी वळून पाहिलं. निरीक्षक बाई दूर झाडाखाली, पोलीसवाल्याचा हरवलेला बॉल शोधत होत्या. इकडे कुणाची नजर नव्हती. आजूबाजूला एक कावळा आणि आम्ही दोघं.

इथून पुढचं लिहायला मला जड जातं, पण फजिती सांगायला बसलोय तर अर्धी सांगण्यात काय अर्थ. मी आवाज खाली केला आणि आपल्या बोलीत म्हणालो, म्हणजे शहरातल्या कुणाच्या कानावर पडलं तरी समजू नये, "कोनं पाह्यलं?"

"मी पाह्यलं ना."

"अरे बाबू, लेकरं हायेत तुले. माया चुकीची सजा तुले काहून? गप राय. मी हात जोडतो."

मी खरोखर हात जोडले. खांद्यावर बॅग, त्यामुळे तेही नीट जोडता येईनात. नासीर माझ्याकडे पाहत होता. राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. सायकलच्या ट्यूबनं बांधलेल्या साहेबांना मी जसं पाहिलं होतं, तसं तो मला पाहत होता, आता याला कसं उठवायचं.

"बॅग उचला काका," म्हणाला, आणि सरळ बाईंकडे चालत गेला.

बाईंनी ऐकून घेतलं. मला जवळ बोलावलं. कॅडी तुम्हीच का, किती वर्षांचा अनुभव, विचारलं. मी म्हटलं, पस्तीस वर्षं शिकवलंय. त्यांनी वहीत दोन रेघा जास्तीच्या ओढल्या. वर पाहिलं नाही, हे त्यांचे माझ्यावर उपकार.

त्या होलला चारऐवजी सहा झाले. सतराव्याला नासीरच्या हातानं घाई केली, थप्प झालं, पाच लागले. पंचाहत्तर. शेवटच्या होलला बरोबर पाच फटके उरले. चार फटक्यांचा होल, पण मधे नाला, आणि नाल्यात पाणी.

पहिला फटका उजवीकडे गेला आणि बाभळींच्या रांगेखाली थांबला. आम्ही जाऊन पाहिलं. तिथून क्लबाचा ट्रॅक्टर जायचा. जमीन पांढरी, घट्ट, चाकांनी पॉलिश केल्यासारखी. बॉल त्यावर काचेच्या गोटीसारखा उघडा. अशा जमिनीवर केसभर मागे काठी लागली तरी ती उसळते आणि बॉल सरपटत नाल्यात. दुसरी वाट होती: आडवा मारून आधी गवतावर आणायचा, मग नाला पार, मग दोन हलके फटके. तेही पाचच होत होते, पण मग पुढे एकही चूक चालणार नव्हती.

नासीरनं नाल्याकडे पाहिलं, बॉलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच्या मनगटावरची पट्टी सैल झाली होती. त्यानं ती दातानं ओढून घट्ट केली. माझ्या तोंडाशी आडवा मार हे शब्द येऊन थांबले होते.

"काका."

"बोल."

"तुमी तिकडं तोंड करून उभे राहा. त्या झाडाकडं. मांगं पाहू नका."

मी गेलो. बाभळीच्या खोडाकडे तोंड करून उभा राहिलो, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. खोडावर मुंग्यांची रांग वर जात होती. मागे त्याच्या बुटांचा आवाज झाला, पाय रोवत होता. मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही, की मला वाटलं त्यानं विचार बदलला. एक मुंगी रांग सोडून बाजूला झाली. काठी हवेतून येताना जो सूं आवाज येतो, तो आला.

टक.

स्वच्छ. मी डोळे मिटले. आता पाण्याचा आवाज. नाला साठ-सत्तर पावलांवर, बॉल पडला तर ऐकू येतं, मी हजारदा ऐकलंय. मी थांबलो. पोलीसवाला कुणाशी तरी बोलत होता, त्याला गप्प करावंसं वाटलं. पाणी वाजलं नाही. अजून नाही. मग बाईंच्या वहीचं पान उलटल्याचा आवाज आला आणि मी वळलो.

बॉल नाल्यापलीकडे होता. झेंड्यापासून लांब, डावीकडे जरा उंच गवतात, पण पलीकडे. नासीर काठी हातात धरून तसाच उभा होता, उजवा हात पुढे सरळ झालेला, जिकडे बॉल गेला तिकडे.

पुढचे तीन फटके मी सांगत बसत नाही. तिसरा वाईट बसला, बॉल झेंड्याच्या पार गेला. चौथा हातभर अलीकडे थांबला. ती हातभर जागा मी आजही मोजून देऊ शकतो. पाचवा त्यानं मारला तेव्हा मी बाजूला, झेंडा धरून, स्वतःच्या सावलीवर नजर ठेवून उभा होतो. बॉल काठावर थबकला आणि आत पडला.

ऐंशी.

बाईंनी कागद पुढे केला. नासीरनं एकेक होलचा आकडा दोनदा वाचला, सोळाव्या होलच्या सहावर बोट ठेवून थांबला, मग सही केली. बाईंनी त्याला हात मिळवला आणि माझ्याकडे वळून नियमांची एक छोटी पुस्तिका माझ्या हातात दिली. हसल्या नाहीत. पण दिली.

बाहेर पडताना त्यानं आधी युसूफभाईंना फोन केला. मग थोडं चालल्यावर मला विचारलं, "काका, ते बाभळीखाली मारलं ना, कोपर कसं होतं?"

"मले काय माहीत? तू झाडाकडं तोंड करायले लावलं."

तो चालता चालता थांबला. आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, जरा दुमडून पाहिला, सरळ केला. "मले बी नाई माहीत," म्हणाला.

मी समजावून सांगायला तोंड उघडलं. कोपर कुठे असायला पाहिजे होतं, मनगट किती मागे, बॉल कधी सुटला असणार, सगळं तयार होतं. नासीरनं माझ्या खांद्यावरची बॅग ओढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि चालायला लागला. मी सवयीनं त्याच्या मागे निघालो.

"मांगून नका येऊ," तो न वळता म्हणाला. "बाजूनं चाला."